पाच परीक्षकांची मर्यादा

पाच जणांकडून संकेतस्थळाची परीक्षा करविली की सुलभतेचे सुमारे ८५ टक्के दोष उघडकीस येतात, असे याकोब नील्सन यांनी २००० साली प्रतिपादिले. अमेरिकेत स्थलांतरितांना वकील शोधून देणाऱ्या संकेतस्थळांस हे गणित अपुरे पडते. हद्दपारीच्या सुनावणीत तेथे सामान्यतः सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. शोध चुकल्यास मांडलेला संसार उधळतो. ‘नोटारिओ’ हा शब्दच पाहा. लॅटिन अमेरिकेत तो कायदेपंडिताचा वाचक; अमेरिकेत केवळ नोटरी असलेल्यास कायदेविषयक सल्ला देण्याचा अधिकारच नाही. यादीतील हा सापळा पाच इंग्रजी भाषकांना जाणवणार नाही. स्पॅनिश भाषक तर बिनचूक बटण दाबूनही फसेल. म्हणून परीक्षक भाषागटांनुसार निवडावेत (भिन्न गटांची स्वतंत्र परीक्षा नील्सन यांनाही मान्य आहे) आणि ‘सापडले काय?’ यापूर्वी ‘काय समजलात?’ हे विचारावे.