भाताची मूद आणि डोराकेक

पोकेमॉनच्या अमेरिकी आवृत्तीत ब्रॉक नावाचा मुलगा हातात भाताचे तिकोनी गोळे घेऊन त्यांना ‘जेली भरलेले डोनट’ म्हणतो. चित्रात पांढरा भात दिसतो, त्याला लावलेली शेवाळाची काळी पट्टीही दिसते. पदार्थाचं जपानी नाव ओनिगिरी. आपल्या पानात भाताची मूद पडते, तिचीच ही डब्यातून नेता येण्याजोगी बहीण. अमेरिकी मुलांना ती परकी वाटेल, या धास्तीने भाताचा डोनट झाला. भाताच्या वाणांना ज्या गावाचं नाव मिळालं, त्या कर्जतच्या पोराला ही धास्ती मुळीच कळणार नाही. ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही वाणं इथल्याच संशोधन केंद्रातली. पण हिंदीत आलेलं पोकेमॉन त्या अमेरिकी आवृत्तीवरून केलेलं होतं. त्यामुळे आपल्या मुलांना सातोशी भेटलाच नाही, भेटला तो ॲश. भात खाणाऱ्या देशातली गोष्ट भात खाणाऱ्या तालुक्यात पोचली ती अमेरिकेला वळसा घालून.

डोरेमॉनचं नशीब बरं. तो भारतात २००५ साली हिंदीत आला. नोबिता, शिझुका, सुनियो यांची नावं तशीच राहिली, घरातली चटई आणि सरकती दारंही राहिली. अमेरिकेत तो २०१४ मध्ये पोचला तेव्हा नोबिताचा ‘नोबी’ झाला, शिझुकाची ‘सू’ झाली, येनच्या जागी डॉलर आले, चॉपस्टिकच्या जागी काटे. आपल्याकडे बदललेली ठळक गोष्ट म्हणजे दोरायाकीचा ‘डोराकेक’. दोन गोल धिरड्यांमध्ये अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड वाटण, असा तो पदार्थ. मराठीत त्या सारणाला सरळ पुरण म्हणता आलं असतं. एवढं सोडलं तर हिंदी आवृत्तीने चित्रातला जपान जपला, आणि याचं श्रेय तिला द्यायला हवं. अनुवादाच्या चर्चेत आपण हिंदी डबिंगला सरसकट नाकं मुरडतो, ते बरोबर नाही.

जे गेलं ते चित्रातलं नव्हे, बोलण्यातलं. जपानीत शिझुका ‘नोबिता-सान’ म्हणते, डोरेमॉन ‘नोबिता-कुन’ म्हणतो, जायन नुसताच ‘नोबिता’ म्हणून खेकसतो. एका नावाच्या या तीन शेपट्यांत तीन नाती आहेत. हिंदीत त्या गळल्या. मराठीला अशा शेपट्यांची वाण नाही : राव, बा, ताई, दादा, शेठ. सुनियोने नोबिताला डिवचताना ‘काय नोबितशेठ’ म्हटलं असतं, तर रायगडच्या कुठल्याही नाक्यावर ते पटलं असतं. जपानी वाक्याचं क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, म्हणजे विनोदाची टाचणीही शेवटीच टोचते. वाक्याच्या टोकाला लागणारं जपानी ‘ने’ आपल्या ‘ना’ची आठवण करून देतं. आणि घराबाहेर पडताना जपानी माणूस जे ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. आपणही नुसतं ‘जातो’ म्हणत नाही, घरात म्हातारं माणूस असेल तर नाहीच.

या कसोटीवर शिनचॅन सर्वांत बोलका आहे. मुळात ‘चॅन’ हीच शेपटी. मुलाचं नाव शिन्नोसुके, ‘शिन-चान’ हे लाडाचं. त्याचा कुत्रा शिरो, म्हणजे पांढरा, म्हणजे आपला ढवळ्या. दारातून आत येणाऱ्याने ‘तादाइमा’, आलो, म्हणायचं आणि आतल्यांनी ‘ओकाएरी’, आलास का, म्हणायचं, हा जपानी घराचा रिवाज. हे कार्टं आत शिरताना स्वतःच ‘ओकाएरी’ म्हणतं आणि आई दर वेळी दुरुस्त करते. मराठीत हा विनोद एक कानाही न हलवता उतरतो : दारातून पोरगं ओरडतं, ‘आलास का रे!’ आणि आतून आई, ‘आलो म्हणावं, आलो!’

शिनचॅनचं गाव कासुकाबे. बाप रोज आगगाडीने टोकियोला कामाला जातो आणि डोक्यावर घराचं कर्ज आहे. खोपोली-कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या बापाचे वडील उत्तरेकडच्या अकिताचे, आईचं माहेर दक्षिणेकडचं कुमामोतो. दोन्हीकडचे आजोबा आपापल्या बोलीत बोलतात आणि एका छोट्या घरात जपानची दोन टोकं भांडतात. हिंदी आवृत्तीत ही भाषिक दरी सपाट झाली. सरकारचं लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. २००८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मालिकेचं प्रक्षेपण थांबवलं, पुढच्या वर्षी ती काटछाट होऊन परतली. मूळ चित्रकथा प्रौढांच्या साप्ताहिकात येत होती, हे लक्षात घेतलं तर काटछाटीचं नवल नाही. पात्राच्या उघड्या ढुंगणाची काळजी झाली, त्याच्या आजोबाच्या जिभेची कुणाला झाली नाही.

डबिंगमधला आवाज काय करू शकतो, याचा नमुना आपल्यासमोर आधीपासून आहे. १९८९ची जपानी जंगल बुक मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली तेव्हा शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाने. हिंदी बोलणारा तो वाघ दातांमागे मराठी दाबून बोलतो आहे, असं अजूनही वाटतं.

कर्जत, नेरळ, खोपोलीच्या सोसायट्यांत आज मुलं खेळताना हिंदीत भांडतात. याचा सगळा दोष नोबितावर टाकणं सोयीचं आहे, पण शेजार, शाळा, बांधकामांवर आलेली माणसं यांचाही त्यात वाटा आहे. तरी बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉनचं प्रक्षेपण बंद केलं ते मुलं हिंदी बोलू लागली म्हणूनच. बंदी मला पटत नाही. प्रश्न वेगळा आहे. उद्या शिनचॅनचे अकिताचे आजोबा मराठीत बोलायला लागले, तर त्यांच्या तोंडी कुठली मराठी घालायची? खालापूरच्या वाडीतली ठाकरी, पलीकडची आगरी, की कातकरी? आपल्या नाटका-मालिकांत या बोली बहुधा नोकराच्या किंवा भोळसटाच्या वाट्याला येतात आणि प्रेक्षक त्या ऐकताच हसायला लागतो. अकिताचे आजोबाही हसवतात, पण ते घरचे आजोबा आहेत. नातू त्यांच्या मांडीवर बसतो आणि त्यांची बोली त्याला नीट कळते.