मिसेस मॅलाप्रॉपचे मृत्युलेख

शेरिडनच्या 'द रायव्हल्स' या नाटकाच्या तिसऱ्या अंकातला एक क्षण आपण जरा सावकाश पाहू या. भाचीच्या प्रियकराचे पत्र मिसेस मॅलाप्रॉपच्या हाती लागले आहे आणि देखणा कॅप्टन अ‍ॅब्सोल्यूट ते त्यांच्याच समोर वाचतो आहे. लिहिणाराही तोच, हे आपल्याला ठाऊक, बाईंना नाही. पत्रात बाईंच्या रूपाचा उद्धार आहेच, पण घाव वर्मी लागतो तो भाषेवरच्या शेऱ्याने: या बाई अर्थ न कळणारे जड शब्द बोलण्यात पेरतात! बाई उसळतात, आणि आपल्या शब्दप्रभुत्वाची ग्वाही देता देता 'अ‍ॅरेंजमेंट'च्या जागी 'डिरेंजमेंट' आणि 'एपिथेट'च्या जागी 'एपिटाफ' म्हणून बसतात. मांडणीचा विस्कोट होतो, विशेषणांचे मृत्युलेख होतात, आणि आरोप आरोपीच्याच तोंडून सिद्ध होतो.

या चुकीचा घाट पाहा. एका जोडीत शब्दाची सुरुवात बदलली, दुसरीत शेवट. वाक्याची लय मात्र तसूभरही ढळली नाही. त्यातही 'एपिथेट' आणि 'एपिटाफ' ही एकाच ग्रीक घराण्यातली भावंडे. 'एपि' म्हणजे वर; एक नामावर चढवायचे, दुसरे थडग्यावर. आपल्याला हसू फुटते तेव्हा हे दोन्ही शब्द मनात एकाच वेळी, पण वेगवेगळे उभे असतात. ज्याला त्यांतला भेद कळत नाही, त्याच्या वाट्याला हे हसू येत नाही.

पुढे हट्टी भाचीची तुलना बाई नाईलकाठच्या अ‍ॅलिगेटरशी करू जातात आणि तिथे अवतरते अ‍ॅलेगरी, म्हणजे रूपककथा! गंमत अशी, की शब्द दुरुस्त केला तरी चूक शिल्लकच राहते; नाईलमधली मगर क्रोकोडाइल, अ‍ॅलिगेटर तिथला नव्हेच.

17 जानेवारी 1775 रोजी कोव्हेंट गार्डनमध्ये झालेला पहिला प्रयोग पडला होता. हात फिरवलेले नाटक 28 तारखेला पुन्हा उभे राहिले ते कायमचे. अशी शब्दगफलत शेक्सपिअरच्या डॉगबेरीनेही पूर्वी केली होती, पण इंग्रजीने या प्रमादाला 'मॅलाप्रॉपिझम' हे नाव दिले ते बाईंचेच.

माझ्या आवडीची जोडी मात्र पहिल्या अंकात आहे. भाचीने त्या तरुणाला आठवणीतून पुसून टाकावे, यासाठी बाईंना हवा असतो 'ऑब्लिटरेट'. तोंडात येतो 'इलिटरेट'. दोन्हींच्या पोटात लॅटिनमधले 'अक्षर' आहेच, त्यामुळे पुसण्याऐवजी निरक्षर करण्याचा हा हुकूम वेडगळ असूनही विलक्षण चपखल बसतो. आणि तो सोडला जातो कोणावर? तर लिडिया लँग्विशवर, जिने मावशीची चाहूल लागताच वाचनालयातून आणवलेल्या कादंबऱ्या नुकत्याच घाईघाईने दडवल्या आहेत.