यंत्राची नजर आणि माणसाचा निवाडा : रायगड किनाऱ्यावरील देखरेखीची चिकित्सा

प्रस्तावना
कायद्याची अंमलबजावणी यंत्राकडे सोपविली की ती आपोआप निःपक्षपाती होते, हे गृहीतक प्रशासनात रूढ होत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलीस दलासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ‘मार्व्हल’ ही यंत्रणा उभारली. जानेवारी २०२५ मध्ये अवैध मासेमारी रोखण्यासाठी किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली. त्या ठिकाणांत रायगडमधील रेवदंडा व श्रीवर्धन यांचा समावेश होता. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे.

विवेचन
या गृहीतकाला रायगडच्या इतिहासातच आधार सापडतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. या कटाला साहाय्य करणाऱ्यांत सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील माणसेही होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. यंत्र लाच घेत नाही. शिवाय पर्ससीन व एलईडी मासेमारीवर कठोर कारवाई करावी, ही मागणी पारंपरिक मच्छीमारांचीच आहे.

तथापि, यंत्र लाच घेत नसले तरी चुकते. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळच्या समुद्रात रडारवर संशयित बोट आढळली आणि मोठी शोधमोहीम राबवावी लागली. अखेर ती बोट नसून मासेमारीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया असल्याचे निष्पन्न झाले. येथे चूक उघड झाली, कारण कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी माणसांनी समुद्रात जाऊन शोध घेतला. दंडाच्या प्रकरणात नेमका हाच टप्पा आखडण्याचा धोका असतो. नौका अमुक वेळी अमुक जागी होती, एवढे चित्रण सांगते. ती इंजिन बंद पडून तेथे वाहत आली की हेतुपुरस्सर गेली, हे सांगत नाही.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ मध्ये २०२१ साली सुधारणा होऊन अभिनिर्णयाचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. तहसीलदारांवरील कामाचा भार पाहता यात सोय आहे; परंतु परिणामी देखरेख करणारा आणि निवाडा देणारा एकाच खात्यातील झाला. अशा व्यवस्थेत ड्रोनचे चित्रण हा तपासण्याजोगा पुरावा न राहता अंतिम निर्णय ठरू शकतो. ड्रोन कोणत्या बंदरावरून, केव्हा आणि कोणाच्या दिशेने उडवावा, हेही अधिकारीच ठरवितात. म्हणजे पक्षपाताची शक्यता कायम राहते. फक्त त्याबद्दल जाब कोणाला विचारावा, हे मच्छीमाराला कळेनासे होते.

निष्कर्ष
रायगडपुढील प्रश्न यंत्र हवे की नको, असा नाही. यंत्राला उत्तर देण्याचा अधिकार कोणाला, हा खरा राजकीय प्रश्न आहे. नोटिशीसोबत संपूर्ण चित्रण नौकामालकास मिळावे, सुनावणी त्याला पोहोचता येईल अशा ठिकाणी व मराठीत व्हावी, अपिलाची सुनावणी मत्स्यव्यवसाय विभागाबाहेरील अधिकाऱ्यापुढे व्हावी आणि बंदरनिहाय कारवाईचा तपशील दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. एवढी बंधने शासनाने स्वीकारली, तरच यंत्राची देखरेख लोकशाहीशी सुसंगत ठरेल.