‘इम्प्रिकेटरी’ आणि ‘शापात्मक’: एका पर्यायाची चिकित्सा

इंग्रजीतील ‘इम्प्रिकेटरी’ हे विशेषण विद्यार्थ्याच्या वाचनात क्वचितच येते, आणि आले म्हणजे ‘शापात्मक’ ह्या पर्यायावर त्याची बोळवण केली जाते. पर्याय सोयीचा खरा. परंतु तो पत्करला की शब्दाचा गाभाच हातचा निसटतो.

ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘प्रेकारी’, म्हणजे प्रार्थना करणे, हे क्रियापद आहे. ‘इम्प्रेकारी’ म्हणजे कोणावर काही यावे म्हणून प्रार्थिणे. लॅटिनमध्ये हे येणारे क्वचित बरेही असे. अनिष्ट टळावे म्हणून केलेली विनवणी ती ‘देप्रेकारी’. तात्पर्य, असे वचन उच्चारणारा हा मागणारा असतो, देणारा दुसराच.

बायबलातील काही स्तोत्रांना हे विशेषण रूढ आहे. त्यांपैकी १०९ व्या स्तोत्रात वैऱ्याचे दिवस थोडे होवोत, त्याची मुले पोरकी होवोत, अशी मागणी आहे. पण मागणारा स्वतःला दीन व दरिद्री म्हणवितो आणि दाद परमेश्वराकडे मागतो. ह्याच्या शेजारी ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात पडद्याआडून ऐकू येणारा दुर्वासाचा शाप ठेवून पाहावा. तेथील क्रियापद भविष्यकाळाचे आहे. राजाला तुझे स्मरण होणार नाही, असे दुर्वास शकुंतलेला सांगतो. कोणाजवळ काही मागत नाही. तपोबलाने उच्चारलेले ते घडणारच!

मराठीत ‘तुझे वाटोळे होवो’ आणि ‘तुझे कल्याण होवो’ ह्या दोहोंत मात्र क्रियापदाचे रूप एकच, आणि तेही याचनेचे. इंग्रजीतील ‘गॉड डॅम हिम’ ह्यात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असूनही ‘डॅम’ला नेहमीचा प्रत्यय लागत नाही, तो ह्याच इच्छार्थामुळे. (शिवी गुळगुळीत झाली म्हणजे तिच्यातला देव कोणाच्या ध्यानात राहतो?)

‘शापात्मक’ म्हटल्याने दुबळ्याच्या तोंडी ऋषीचा अधिकार घातला जातो आणि त्याची आर्तता मग्रुरी भासू लागते. १९७१ साली रोमन कॅथलिक पंथाच्या नव्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे त्यांच्या ह्याच स्वरूपामुळे वगळण्यात आली. त्या निर्णयाची योग्यायोग्यता हा धर्मशास्त्राचा प्रश्न होय. पण ‘शापात्मक स्तोत्रे वगळली’ एवढेच वाचणाऱ्या मराठी वाचकाला तो प्रश्न मुळी पडणारच नाही.

अर्थाने अधिक जवळचा शब्द ‘तळतळाट’ हा होय. त्यापासून सुटसुटीत विशेषण साधत नाही, ही अडचण आहे. ‘अनिष्टप्रार्थनापर’ हा शब्द जड आहे, कानालाही गोड नाही. तरी तूर्त तोच बरा.