नवशिक्याची शंका आणि जाणत्यांचा शिष्टाचार

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या माणसाचे बरेचसे शिक्षण वर्गाबाहेर होते. प्रोग्रॅम चालत नाही, पडद्यावर आलेला संदेश कळत नाही, आणि मग इंटरनेटवरच्या अनोळखी जाणकारांना प्रश्न विचारला जातो. गेल्या काही दशकांत अशा प्रश्नोत्तरांचे प्रचंड लिखाण जमा झाले आहे. प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे द्यावे, कोणता प्रश्न बंद करावा, याविषयीचे नियम, मार्गदर्शिका, जाहीरनामे आणि माफीनामेही त्यात आहेत. तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी लिहिलेला हा मजकूर साहित्याच्या अभ्यासकांनी सहसा हाती घेतलेला नाही. मला तो वाचण्याजोगा वाटतो, कारण जाणत्याने नवख्याशी कसे बोलावे हा त्याचा मूळ विषय आहे.

या जगात नवशिक्यांना तुसडी वागणूक मिळते ही तक्रार जुनी आहे. तिचे नेहमीचे स्पष्टीकरण स्वभावाचे असते: संगणकवाले लोक माणूसघाणे, त्यांना बोलायची रीत नाही. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. या तुसडेपणाचा मोठा भाग लेखनप्रकारांच्या गोंधळातून येतो असे माझे म्हणणे आहे. नवशिका पत्र लिहीत असतो आणि समोरचे लोक कोश रचत असतात.

थोडा इतिहास पाहू. १९८० च्या दशकात यूजनेट नावाच्या चर्चाजालावर मुख्यतः विद्यापीठांतली माणसे होती. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ घालत, जुनी माणसे त्यांना रीतिरिवाज शिकवत आणि मग सगळे स्थिरावे. पुढे व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटची दारे उघडली आणि नवख्यांचा ओघ बारमाही झाला. म्हणून सप्टेंबर १९९३ हा तिथे ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ म्हणून ओळखला जातो. या नावात विनोद आहे आणि थकवाही आहे. तोंडी परंपरेने शिकवण्याची व्यवस्था संख्येपुढे कोलमडली आणि तिची जागा लिखित नियमांनी घेतली.

या नियमलेखनातला सर्वांत प्रभावी मजकूर म्हणजे एरिक रेमंड यांनी २००१ मध्ये लिहिलेली, प्रश्न हुशारीने कसे विचारावेत याची मार्गदर्शिका. तिच्यातला सल्ला बहुतांशी उत्तम आहे. आधी स्वतः शोधा, माहितीपुस्तिका वाचा, विषयाच्या ओळीत नेमकेपणा ठेवा, आपले अंदाज सांगू नका, लक्षणे सांगा. वैद्याकडे जाणाऱ्यालाही हाच सल्ला द्यावा. पण मजकुराचा सूर पाहिला तर निराळे काही दिसते. विचार न करता प्रश्न टाकणाऱ्यांना तिथे सरळ ‘लूझर’ म्हटले आहे, आणि कोणी ‘पुस्तिका वाच’ असे शिवीसकट सुनावले तर ते बहुधा बरोबरच असते असे विचारणाऱ्याला समजावले आहे. उत्तर देणाऱ्याने कसे वागावे याविषयीचा भागही तिच्यात आहे. अडचणीच्या ताणामुळे माणूस उद्धट किंवा मठ्ठ वाटू शकतो, प्रत्यक्षात तो तसा नसतो, म्हणून सौम्य राहा, असे रेमंड तिथे सांगतात. पूर्ण मार्गदर्शिकेतले हे सर्वांत समंजस निरीक्षण आहे. मात्र विचारणाऱ्याच्या कर्तव्यांच्या मानाने हा भाग फारच छोटा आहे आणि अगदी शेवटाकडे येतो. जमातीने पहिला भाग पाठ केला. शेवटच्या भागाचा हवाला क्वचितच दिला जातो.

जाणत्यांची बाजूही खरी आहे. उत्तरे फुकट दिली जातात, नोकरी सांभाळून दिली जातात. गृहपाठ जसाच्या तसा चिकटवून ‘लवकर सोडवून द्या’ म्हणणारे पुष्कळ असतात. शिवाय प्रश्न नीट मांडण्याच्या कष्टातच अनेकदा उत्तर सापडते. हंट आणि थॉमस यांच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या १९९९ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेली रबरी बदकाची युक्ती हेच सांगते: टेबलावरच्या खेळण्यातल्या बदकाला आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगा, चूक तुमची तुम्हालाच दिसेल. तेव्हा प्रश्नकर्त्याकडून तयारीची अपेक्षा करणे गैर नाही. ही अपेक्षा कोणत्या रूपात त्याच्यापुढे येते, हा माझा मुद्दा आहे.

२००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने या अपेक्षेला यंत्रणेचे रूप दिले. इथला प्रश्न विचारणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. पुढे हजारो लोक शोधत येतील, त्यांच्यासाठी ती नोंद असते. म्हणून कोणीही ती संपादित करू शकतो, तोच प्रश्न आधी आला असेल तर तो ‘पुनरावृत्ती’ म्हणून बंद केला जातो. ‘नमस्कार’, ‘आगाऊ धन्यवाद’ असे शब्द संपादक काढून टाकतात. कोशाच्या दृष्टीने हे रास्तच आहे; विश्वकोशातल्या नोंदीची सुरुवात कोणी ‘सप्रेम नमस्कार’ने करत नाही. पण लिहिणाऱ्याने पत्र लिहिलेले असते. त्याच्या नमस्कारावर काट मारलेली तो पाहतो आणि त्याला ती थप्पड वाटते.

यंत्रणेचे बारकावे याहून बोलके आहेत. आभार शब्दांत मानू नका, उत्तराला वरचे मत द्या, असा तिथला दंडक आहे. पण ते मत मोजले जाण्यासाठी बराच काळ पंधरा गुण लागत. दुसऱ्याच्या प्रश्नोत्तरांखाली टिप्पणी करायला पन्नास. समजा, दुसऱ्या कोणाच्या जुन्या प्रश्नाखालचे उत्तर वाचून नवशिक्याचे काम झाले. त्याला मत देता येत नाही, टिप्पणी करता येत नाही. उरते फक्त उत्तराची चौकट. तिच्यात त्याने ‘धन्यवाद’ लिहिले की ‘हे उत्तर नव्हे’ म्हणून ते पुसले जाते. या सगळ्या प्रसंगात एकही माणूस उद्धट वागलेला नाही. शिष्टाचाराचा एक मार्ग बंद केला आणि दुसऱ्याच्या दारावर पन्नास गुणांचा उंबरठा बसवला, एवढेच झाले.

मराठी किंवा एकूणच भारतीय नवशिक्याच्या वाट्याला यात आणखी एक पेच येतो. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’च्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या निघाल्या, मराठी वा हिंदी निघाली नाही. आपला विद्यार्थी इंग्रजीतच लिहितो, पण रीत घरची असते. आपल्याकडे वर्गात ‘सर, एक डाउट आहे’ असे म्हणतात. मुळात ही आपली ‘शंका’. मराठीत शंका विचारणे आणि शंका घेणे यांत क्रियापद फरक करते: पहिल्यात जिज्ञासा आहे, दुसऱ्यात अविश्वास. इंग्रजी ‘डाउट’मध्ये अविश्वासच अधिक ऐकू येतो. ‘सर’, ‘कृपया’, ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ हे आपल्याकडे नम्रतेचे शब्द. तिथे ते फापटपसारा ठरतात, कधी लाचारी वाटतात. शंकासमाधान हा आपला ओळखीचा प्रकार. त्यात विचारणारा आणि सांगणारा यांचे नाते गृहीत असते. नवा प्रकार ते नातेच वगळून फक्त शंका आणि समाधान ठेवतो.

आता त्या कोशालाच त्याच्या कसोटीवर तपासू. बऱ्याच संगणकभाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३ येत नाही. ३ नंतर पंधरा शून्ये आणि मग ४ असे काहीतरी येते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा पूर्ण लिहिता येत नाही तसाच द्विमान पद्धतीत एक दशांश लिहिता येत नाही, हे कारण. ज्याला हे ठाऊक आहे त्याला शोधायचा शब्दही ठाऊक असतो. नवशिक्याला तो शब्दच माहीत नसतो, मग ‘आधी शोध’ या आज्ञेचे पालन तो कसे करणार? गंमत अशी की या विषयावरच्या तिथल्या प्रमाणभूत प्रश्नाच्या शीर्षकात अपूर्णांकांचे गणित मोडले आहे काय, असे विचारले आहे. हा अस्सल नवशिक्याचा सूर आहे, आणि त्यामुळेच इतर नवशिक्यांना तो सापडतो. ‘व्हिम’ या संपादकातून बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न २०१२ मध्ये विचारला गेला. तज्ज्ञाला तो हास्यास्पद वाटेल. २०१७ मध्ये संस्थेनेच अभिमानाने जाहीर केले की तो दहा लाख वेळा पाहिला गेला आहे. कोशाची सर्वांत उपयोगी पाने अडाणी वाटणाऱ्या प्रश्नांतून तयार झाली आहेत. म्हणजे नवशिक्याला हाकलणे हे कोशाच्याही हिताचे नाही.

२०१८ मध्ये या जगाने दोन ठिकाणी स्वतःकडे पाहिले. एप्रिलमध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’चे अधिकारी जे हॅनलन यांनी, आपले स्थळ फारसे स्वागतशील नाही आणि नवे प्रोग्रॅमर, स्त्रिया, वंचित गट यांना ते विशेष बोचते, असे जाहीरपणे लिहिले. सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या पत्रांमधल्या वैयक्तिक हल्ल्यांबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली. त्यांचा राग बहुधा अनुभवी सहकाऱ्यांवर निघे, नवशिक्यांवर क्वचितच, हे खरे. पण ती पत्रे उघड होती आणि तिसरा कोणीतरी ती वाचत होता. जाणतेपणाचा सूर असाच असतो, हा धडा त्याने घेतला असणार.

नियमलेखनाचा मला सर्वांत आवडलेला नमुना मात्र छोटा आहे. न्यूयॉर्कच्या ‘रिकर्स सेंटर’ने आपल्याकडे शिकायला येणाऱ्यांसाठी मोजके सामाजिक नियम केले. त्यांतला एक असा: एखाद्याला काही माहीत नाही हे कळल्यावर आश्चर्याचा आव आणू नका. ‘अरे, हेसुद्धा ठाऊक नाही?’ या वाक्याने ऐकणाऱ्याला काहीच शिकायला मिळत नाही, बोलणाऱ्याची उंची तेवढी वाढते. रेमंड यांची मार्गदर्शिका मुख्यतः विचारणाऱ्याला वळण लावते, हा नियम जाणत्याला लावतो. तोही स्वभाव बदलायला सांगत नाही, एक वाक्य गाळायला सांगतो. म्हणूनच तो पाळता येतो.

२०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आले आणि ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वरचा आधीच आटत चाललेला नव्या प्रश्नांचा ओघ झपाट्याने घटला. नवशिक्यांनी असा प्रतिसाद दिला तर त्यांना दोष देता येत नाही. यंत्र नमस्कार स्वीकारते, पुनरावृत्ती म्हणून हटकत नाही, शंभरदा तेच विचारले तरी कंटाळत नाही. पण माणसांनी वर्षानुवर्षे उघड्यावर लिहिलेल्या प्रश्नोत्तरांवरच अशी यंत्रे पोसली गेली आहेत, आणि यंत्राशी झालेला संवाद खासगी राहतो. व्हिममधून बाहेर पडण्याचा प्रश्न आज एखादी मुलगी यंत्राला विचारेल, तिला उत्तरही मिळेल, पण तिच्यामागून येणाऱ्याला ते पान सापडणार नाही. शिवाय ‘तू विचारतेस ते सोड, तुला मुळात करायचे काय आहे?’ असे थांबवून विचारण्याचा जाणत्या माणसाचा गुण यंत्राच्या होकारी सौजन्यात सहज हरवतो.

म्हणून शिष्टाचाराचा हा प्रश्न मला वरवरचा वाटत नाही. सार्वजनिक ज्ञान कोणाच्या प्रश्नांतून वाढते, हे त्यावर ठरते. कोश टिकवायचा तर त्याच्या दाराशी पत्रांसाठी एक ओसरी हवी. तिथे शंका घरच्या भाषेत, नमस्कारासकट विचारता यावी, कोणीतरी ती ऐकून घ्यावी आणि मग तिची नेमकी नोंद करायला विचारणाऱ्याला मदत करावी. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला गुण मिळत नाहीत. आज जे जाणते आहेत त्यांच्यासाठी एकेकाळी कोणीतरी ते केलेले असते.