वाटाण्याचं रोप आणि सरस्वतीबाईंचे दागिने

गेल्या महिन्यात पुतण्या घरी आला तो थेट विषयावर. न्हावा-शेवाजवळच्या कंटेनर यार्डातली नोकरी सोडायची, ट्रेलरवाल्यांना कुठल्या गेटवर किती रांग आहे ते सांगणारं ॲप काढायचं, उलव्याला ऑफिस घ्यायचं. पैसे? घर गहाण, आणि बायकोचं सोनं. ‘‘काका, फाळक्यांनीपण हेच केलं ना?’’ असं म्हणून त्यानं ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला. परेश मोकाशींचा हा चित्रपट मी पूर्वी हसत पाहिला होता. या वेळी सून शेजारी बसली होती. मग हसू जरा कमी आलं.

चित्रपट चांगलाच आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचं चरित्र सांगताना मराठीत सहज येतो तो पुतळ्याचा सूर मोकाशी येऊ देत नाहीत. नंदू माधव यांचे फाळके चालतात, धावतात, अडखळतात. शेजारीपाजारी त्यांना वेड लागलं असं समजतात. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळत नाही, अखेर साळुंके नावाचा पुरुष ती भूमिका करतो. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडतात, तेव्हा ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असं सांगायचं. नवा धंदा सुरू होतो तेव्हा त्याला समाजात नावसुद्धा नसतं, हे त्या एका शब्दात नेमकं कळतं.

पण आज उद्योजकांना प्रेरणा म्हणून हा चित्रपट दाखवला जातो, तेव्हा त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट निसटते असं मला वाटतं. ती म्हणजे वाटाण्याचं रोप. १९१२ साली फाळके लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि परत आले. आल्याबरोबर ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखला आणि रोपाची वाढ दिवसेंदिवस एकेका चौकटीत टिपत गेले. पडद्यावर ते रोप मिनिटा-दोन मिनिटांत जमिनीतून वर आलं. ते पाहून पैसे देणारे पुढे आले. कॅमेरा त्यांनी शोधला नव्हता. इथल्या उजेडात, इथल्या हातांनी ते यंत्र चालतं का, हे त्यांनी एका कुंडीपुरतं तपासून घेतलं. ही उडी आंधळी नव्हती.

चित्रपटाचा दोष याच्या पुढे सुरू होतो. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जातात तीही गंमत होते. विभावरी देशपांडे यांची सरस्वतीबाई प्रसन्न आहे, हुशार आहे, पण तिला एकदाही मनापासून भीती वाटलेली दिसत नाही. प्रत्यक्षात या बाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून घेतली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. फाळक्यांचे डोळे जाता जाता वाचले. विनोदी शैलीमुळे हे सगळं हलकं होतं आणि जोखीम कुणाची होती हा प्रश्न हशात विरून जातो.

शिवाय चित्रपट थांबतो तो यशापाशी. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, पुढच्या वर्षी लंडनमध्येही कौतुक झालं. तिथून पुढची तीस वर्षं पडद्याबाहेर राहतात. १९१८ साली भागीदारांबरोबर काढलेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, भागीदारांशी झालेले मतभेद, राजीनामा, काशीला जाणं, मग पुन्हा परतणं, बोलपटांनी बदललेला बाजार आणि १९४४ साली नाशिकला, विपन्नावस्थेत, झालेला मृत्यू. यामुळे फाळके लहान होत नाहीत. पण प्रयोगाचा हिशेब पहिल्याच खेळाला बंद करायचा, ही सवय या चित्रपटाची आणि आपल्या बहुतेक उद्योजककथांची आहे.

उरणमध्ये राहणाऱ्याला ही सवय बोचते. शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठला. १९८४च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात पाच माणसं गेली. १९८९ला बंदर सुरू झालं आणि देशाला फायदा झाला, हे खरंच. पण जे नवं उभं राहिलं त्याची गोष्ट कंटेनरच्या आकड्यांत सांगतात. मिठागरात राबलेल्यांची नावं त्यात नसतात. फाळक्यांनी निदान स्वतःचं घर पणाला लावलं. आणि सरस्वतीबाई त्यात नुसत्या ओढल्या गेल्या नव्हत्या, त्या कामाच्या भागीदार होत्या.

चित्रपट संपल्यावर पुतण्याला मी एवढंच विचारलं, ‘‘तुझा वाटाणा कुठाय?’’ तो गप्प. मग सूनच म्हणाली, ‘‘आधी महिनाभर एका गेटवर वही घेऊन उभे राहा. दहा डायवरांना फोनवर रांग कळवा. त्यांनी दुसऱ्या महिन्यात स्वतःहून फोन केला तर बोलू. हिशेब मी ठेवीन.’’

सध्या तो सुट्टीच्या दिवशी गेटवर उभा असतो. वही तिच्याकडे आहे. सोनं अजून कपाटात आहे.