दुरून आणलेलें बियाणें

मूळ चित्रपटाची सर त्याच्या नव्या अवतारास कधींच येत नाहीं, असें सर्रास बोललें जातें. आमच्या मतें हा न्याय घाईचा आहे. आमच्या ढाणकीकडील कपाशीचा शेतकरीहि सांगेल कीं, बियाणें दुरून आणलें म्हणून पीक हलकें ठरत नाहीं. तें येथल्या मातींत रुजलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो.

१९३० सालच्या 'द ब्लू एंजल' या जर्मन बोलपटांत एक प्रतिष्ठित शिक्षक नर्तकीच्या मोहानें धुळीस मिळतो आणि अखेर आपल्या जुन्या वर्गांत येऊन मरतो. त्याच कथेच्या आधारें शांतारामबापूंनीं १९७२ सालीं 'पिंजरा' काढला. नाटकगृहाच्या जागीं तमाशाचा फड आला, एवढेंच झालें नाहीं. येथले गुरुजी, गांवाची आपल्यावरील श्रद्धा भंगूं नये म्हणून, स्वतःच्याच खुनाचा आरोप पत्करतात. हा नैतिक पेंच मूळ बोलपटांत नाहीं; येथें 'पिंजरा' त्याच्या पुढें गेला.

उलट 'सैराट' (२०१६) वरून 'धडक' (२०१८) निघाला, तेव्हां करमाळ्याकडची कथा उदयपुरास गेली. संगीतकार अजय-अतुल तेच राहिले. परंतु जातिभेदाची धार बोथट झाली. 'सैराट'मध्यें दोघेंहि मारलीं जातात आणि मागें रक्तांत उमटलेलीं चिमुकलीं पावलें राहतात. 'धडक'मध्यें नायक व मूल मरतात, नायिका वांचते. शेवट बदलला, पण बदलाला नवें प्रयोजन लाभलें नाहीं.

तेव्हां कथा उसनी आहे काय, हें न विचारतां, तिच्यांतला प्रश्न नव्या मुलखाचा झाला काय, हें वाचकांनीं विचारावें.